खाडीकाठची दैनंदिनी : नांगर पडतो तिथे

चेणे, सोमवार, रात्री

रिक्षा 140. चहा-वडापाव 45. गायमुखच्या घाटात पाऊण तास, वरसाव्याच्या पुलाअलीकडे पुन्हा अर्धा तास. घोडबंदर रस्त्याची तक्रार उद्याही हीच असणार.

येऊरच्या डोंगरातून उतरलेली चेणे नदी इथे वसईच्या खाडीला मिळते. गावाचं तोंड आज हमरस्त्याकडे आहे, पण या मुलखाची जुनी मोठी वाट पाण्यातून जायची. शेजारच्या घोडबंदरला पोर्तुगीजांनी किल्ला उभारला तो खाडीवर नजर राहावी म्हणून. मराठ्यांनी 1737 मध्ये तो घेतला आणि दोन वर्षांनी वसई घेतली, तेव्हाही ही खाडी हातात असण्याला मोल होतं. आता याच पाण्याच्या कडेने उत्तन, वसई, अर्नाळा असं जायचं आहे आणि डोक्यात प्रश्न एकच आहे: घर पाण्यावर असेल तर माणसाचा शेजार कुठे राहतो? कॅरिबियन समुद्रात कित्येक कुटुंबं मुलाबाळांसह शिडाच्या बोटीत राहतात, अँटिग्वापासून ग्रेनाडापर्यंत बेटामागून बेट करत फिरतात. त्यांच्याबद्दल ऐकलं की आपल्याकडे आधी कीव केली जाते. बिचारी पोरं, ना शाळा, ना सवंगडी, ना आजी-आजोबा. मला ही कीव अनाठायी वाटते. बोटीवरच्या माणसांचं समाजजीवन बोटीच्या आत शोधलं तर ते सापडणारच नाही. ते नांगर पडतो त्या जागी असतं आणि त्याचं वेळापत्रक भरती-ओहोटी, वारा आणि ऋतू ठरवतात. आपल्या कोळीवाड्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून कॅरिबियनचा विचार उत्तनपासून सुरू करणं मला योग्य वाटतं.

उत्तन, मंगळवार

बस 20, पण तिची वाट पाहण्यात चाळीस मिनिटं गेली. जेवण 180. ताजे बोंबील, तांदळाची गरम भाकरी. या एका गोष्टीबद्दल तक्रार नाही.

उत्तन, पाली, चौक हा किनारा डोल जाळीचा. समुद्रात कव मारायची, म्हणजे ठरलेल्या जागी जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप आत येऊ द्यायची, अशी ही पद्धत. ही ओढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मंदावतं आणि जाळ्यात फारसं काही पडत नाही. त्यामुळे महिन्यातून दोनदा बोटी समुद्रात असतात आणि दोनदा किनाऱ्याला लागतात, त्याही सगळ्या एकदम. माझ्या मते या एकदम येण्यातच सगळं आहे. शहरात आपली सुट्टी आणि शेजाऱ्याची सुट्टी जुळेलच असं नाही. एका मजल्यावर राहणारी माणसं वर्षभर एकमेकांशी न बोलता राहू शकतात. कोळीवाड्यात भांगाच्या दिवसांत नाखवा, तांडेल, खलाशी सगळेच जमिनीवर असतात. जाळी सांधायची, इंजिन उघडायचं, वाट्याचा हिशेब मिटवायचा, सोसायटीची सभा घ्यायची, सोयरिकीचं बोलायचं, हे सगळं त्याच मोजक्या दिवसांत बसवावं लागतं. भेटीगाठींसाठी कुणाला मुद्दाम वेळ काढावा लागत नाही. तो समुद्र काढून देतो.

वर्षाचा हिशेबही असाच. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेकडे डोळे लावून बसायचं. कॅरिबियनकडच्या वादळांचा हंगामही 1 जूनलाच सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. त्या सहा महिन्यांत बरीच कुटुंबं वादळांची नेहमीची वाट टाळून दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादला जाऊन थांबतात. कित्येकांच्या विम्याची अटच तशी असते. हिवाळाभर निरनिराळ्या बेटांवर पांगलेल्या बोटी मग महिनोन्‌महिने एकाच उपसागरात शेजारी शेजारी नांगरलेल्या असतात. सकाळी ठरलेल्या वेळी व्हीएचएफ रेडिओवर सगळ्यांचं बोलणं होतं: नवं कोण आलं, कोण निघालं, हवा कशी आहे, कुणाला पंपाचा सुटा भाग हवा आहे, मुलांसाठी दुपारी किनाऱ्यावर काय ठरलंय. समुद्रात असलेल्या आपल्या बोटींवर वायरलेसवरून चालणारं बोलणंही याहून फार निराळं नसतं. कोणी कुठे आहे, मासळी लागली का, वारा कसा आहे. मुलखांमध्ये हजारो मैलांचं अंतर, आणि तरीही पाण्यावरच्या शेजाऱ्यांना एकमेकांकडून हवं असतं ते जवळजवळ सारखंच.

भाईंदर, बुधवार

रिक्षा 90. पाणी 20. लिंबू सरबत 25. डोकेदुखीची गोळी 15. बस आली नाही. स्टेशनबाहेर पन्नास मिनिटं गाड्या जागच्या हलल्या नाहीत. ऊन. आज एवढंच.

वसई, गुरुवार

फेरीबोट, माणशी 30. फेब्रुवारी 2024 पासून ही सेवा सुरू आहे. भाईंदर ते वसई पाण्यावरून साडेतीन किलोमीटर, सुमारे पंधरा मिनिटं. गाडीने तेच अंतर घोडबंदर आणि महामार्ग फिरून अडतीस किलोमीटरच्या घरात जातं. रस्त्याला कंटाळलेल्या माणसाला आणखी काय पटवून द्यायचं?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा की कॅरिबियनमधली कुटुंबं हौसेने गेलेली असतात. मन भरलं की बोट विकून ती घरी जातील. कोळ्याची बोट ही त्याची भाकरी आहे. दोघांना शेजारी बसवायचंच कशाला? सुबत्तेच्या बाबतीत बसवूच नये. पण समुद्र हौशी माणसाला वेगळा नियम लावत नाही. इंजिन बंद पडलं किंवा नांगर घसरला, तर सर्वांत जवळची बोट हाच आधार. म्हणून ओळख राखणं ही तिथे करमणूक नसून गरज असते. अगदी एकट्याने निघालेल्या माणसालाही ती चुकत नाही. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली आणि वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे चार थांबे होते. बोटीवर माणूस एक. पण ती बोट तरंगती ठेवणारे हात किती तरी आणि ते सगळे किनाऱ्यावरचे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: अशी मैत्री उथळ, नांगर उचलला की संपली. इथेही ऋतूचं गणित विसरून चालणार नाही. त्याच वाऱ्याने, त्याच महिन्यांत निघालेली माणसं पुढच्या बेटावर पुन्हा भेटतात. मुलं असलेली कुटुंबं तर दुसऱ्या मुलांची बोट कुठे चालली आहे ते बघून स्वतःचा मार्ग बदलतात. एवढं मात्र कबूल करायला हवं की तिथे नको असलेल्या शेजाऱ्यापासून सुटका सोपी आहे. साखळी ओढायची आणि दुसऱ्या उपसागरात जायचं. कोळ्याला ही सवलत नाही. वसई-उत्तन आणि पालघर-डहाणू इथल्या मच्छीमारांमध्ये कव मारण्याच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं वाद आहेत. बैठका होतात, पुन्हा भांडणं होतात. तरीही त्याच समुद्रात, त्याच माणसांबरोबर पुढचा हंगाम काढावाच लागतो. भांडूनही शेजारी राहणाऱ्या या समाजाला मी जास्त मुरलेला मानतो, आणि या एका बाबतीत कॅरिबियनचं पारडं मला हलकं वाटतं.

तिसरा आक्षेप बायकांचा. कोळी बाई मासेमारीला सहसा समुद्रात जात नाही, मग याला बोटीवरचं कुटुंब कसं म्हणायचं? कारण बोट किनाऱ्याला लागली की तिच्या कामाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो आणि तो बाईच्या हातात असतो. मासळी निवडणं, वलांडीवर बोंबील सुकत घालणं, बाजार, उधारी. बाजारातली तिची ठरलेली जागा, ठरलेली गिऱ्हाइकं, शेजारच्या पाटीवालीवरचा भरवसा, यांच्या आधारानेच घरात पैसा येतो, आणि गावच्या बातम्याही त्याच वाटेने फिरतात. शिडाच्या बोटीवरच्या आईला यातलं काही नसतं. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, रात्रीचा पहारा, सगळं दहा-बारा मीटर लांबीत. नांगरलेल्या बोटींचा उपसागर हेच तिचं अंगण. दोन्हींपैकी एकटेपणाचा धोका कुठे जास्त, असं विचारलं तर माझं उत्तर कॅरिबियन हेच आहे. पण याचा दोष पाण्याला देता येत नाही. तिथे बाजारातली स्वतःची जागा बाईकडून सुटलेली असते.

अर्नाळा, शनिवार

काल दिवसभर ताप. लिहिलं नाही.

अर्नाळ्याच्या किल्ल्याचं बेट म्हणजे या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर. तिथे कोळी कुटुंबं राहतात आणि मुख्य किनाऱ्याशी संबंध होडीचा. किराणा, आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पाण्यावरून. म्हणून काही त्यांचा समाज मोडला नाही. होडी ही तिथे रोजची गल्ली आहे.

शेवटचा आक्षेप उरतो तो धोक्याचा. सगळ्यांनी एकाच जागी गोळा होणं हीच चूक नाही का? 1 जुलै 2024 रोजी बेरिल हे वादळ चौथ्या श्रेणीच्या वेगाने ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. टिरेल बे जवळच्या खारफुटीत आसऱ्याला लावलेल्या बोटीही त्यातून वाचल्या नाहीत. आसरा म्हणून निवडलेली जागाच तडाख्यात सापडली, हे खरं. पण नंतर ग्रेनाडात थांबलेल्या बोटींवरच्याच लोकांनी सामान भरून कारियाकूकडे धाव घेतली. ओळख आधीपासून होती, म्हणून कोणाला काय हवं ते लगेच कळलं. वादळात बोटी गेल्या, तरी शेजार टिकला होता.

आपल्याकडे काळजी वाटते ती नेमक्या उलट गोष्टीची. बोटी शाबूत राहतील आणि नांगराची जागा जाईल. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी त्याला आधीपासून विरोध केला आहे. अशा प्रकल्पांवर बोलणं सुरू झालं की हिशेब बोट, जाळं आणि मासळी यांच्यापाशी थांबतो. भांगाच्या दिवसांत बोटी लागतात तो उतार, जाळी पसरायची पुळण, बोंबलाच्या वलांड्यांचं मैदान, खाडीच्या तोंडाशी उरलेली खारफुटी, यांची नोंद व्हायची ती मोकळी जमीन म्हणून. पण नाखव्याचा आणि खलाशाचा हिशेब तिथेच मिटतो, दोन बायकांची उधारी तिथेच ठरते, वादळाच्या रात्री कोणाची बोट अजून आली नाही हे तिथेच कळतं. बंदराचा असो वा सागरी रस्त्याचा, नकाशा काढताना या जागा आधी आखून घ्याव्यात, त्यांच्या वापराचा हक्क गावाच्या नावे लिहावा आणि मगच पहिला खांब कुठे रोवायचा ते ठरवावं.