कुंग-फू आणि तेरीज

कुंग-फू म्हणजे मारामारी, असे इंदूरच्या आमच्या घरी सर्वांचे ठाम मत! 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) मधल्या ब्रूस लीने मला या विद्येकडे ओढले. वर्गात मात्र महिनाभर गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखे नुसते उभे राहायचे होते. 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) चा नायकही लढण्याआधी पाण्याच्या बादल्याच वाहतो. चिनी भाषेत कुंग-फू म्हणजे वेळ आणि कष्ट ओतून मिळविलेले कोणतेही कौशल्य. आपल्या तालमीतले मल्ल जोर-बैठका काढतात, ते दुसरे काय असते?

परीक्षा जवळ आली, 'क्लास सोड' असा घरून हुकूम आहे. तो मी मानणार नाही. न जुळणारी तेरीज दहादा तपासण्याचा धीर मला त्या थरथरत्या मांड्यांनीच दिला आहे.