सीपीयूच्या खोक्यातली धग

मे महिन्यात विदर्भात घरचा संगणक मध्येच बंद पडू लागला की पहिला उपाय ठरलेला असतो. 'सीपीयू'च्या खोक्याचे बाजूचे झाकण काढायचे आणि समोर टेबलफॅन लावायचा. त्याने आतली हवा बाहेर येते, पण खोलीतली धग कमी होत नाही. संगणक जितके वॅट ओढतो, तितकीच उष्णता तो खोलीत सोडतो. २०० वॅट ओढणारा संगणक ही २०० वॅटची शेगडीच असते. खोलीत एसी असेल, तर ही उष्णता बाहेर टाकायला आणखी वीज जाते.

म्हणून पंख्याच्या आधी व्होल्टेजकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. १.३ व्होल्टचे १.२ केले, तर व्होल्टेज जेमतेम आठ टक्के उतरते, पण गती तीच राहूनही ही वीज सुमारे १५ टक्के वाचते.

ट्रान्झिस्टर लहान होतील तसे व्होल्टेजही उतरवता येईल, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली सहकाऱ्यांसह मांडले. तीसेक वर्षे उद्योग त्याच वाटेने गेला. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. इंटेलच्या २००४ मधल्या 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ च्या वरच्या मॉडेलांची उष्णता ११५ वॅटवर गेली. त्याच वर्षी कंपनीने त्याचा वारसदार 'तेजस' सोडून दिला. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओची गती कमी होती, पण गाभे दोन होते आणि उष्णता ६५ वॅट. काम मात्र तो जास्त करत असे.

आज हाच मार्ग घरबसल्या खुला आहे. रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर मूळ सेटिंगमध्ये २३० वॅटपर्यंत ओढू शकतो. बायोसमधल्या ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ती मर्यादा ८८ वर येते. कामाचा वेग मात्र त्या प्रमाणात घटत नाही. व्होल्टेज हाताने उतरवायचे असेल, तर अगदी थोडे थोडे उतरवावे आणि दर टप्प्यावर संगणक तासभर पूर्ण भारावर चालवून पाहावा. तो अडखळला, तर एक पायरी मागे यावे.

रिकामा बसलेला संगणकही वीज खातोच. ६० वॅट ओढणारा संगणक रोज रात्रीचे आठ तास चालूच राहिला, तर महिन्याला १४ युनिट वाया जातात. स्लीप मोडमध्ये हाच खर्च काही वॅटांवर येतो.

दिवाळीची झाडलोट करताना या खोक्याचेही झाकण उघडा. आधी प्लग काढा, पंख्याचे पाते बोटाने धरा आणि हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढा. मग संगणक सुरू करून बायोसमधली वीजमर्यादा एकदा नक्की पाहा.