ठिकाणाची चूक

बदलीचा हुकूम हातात पडला की सरकारी नोकराच्या मनात प्रथम येतात ते घरभाडे, मुलांच्या शाळा आणि सामानाच्या पेट्या. आम्हां चौघांच्या बाबतीत मात्र थोडे निराळे घडले. वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या खात्यांच्या हुकमांनी आम्ही जयपूरला येऊन पडलो. पण त्या कागदावरचे गावाचे नाव वाचताच चौघांच्याही मनात आधी उमटला तो तंबोऱ्याचा स्वर. ज्या मराठी घरात गाण्याची गोडी आहे, त्या घरात वाढलेल्या माणसाला जयपूर हे गुलाबी शहर म्हणून ठाऊक होण्याच्या पुष्कळ आधी एका गायकीचे नाव म्हणून ठाऊक असते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर या नावांशी जे गाव कायमचे जोडले गेले, त्या गावी सरकारी खर्चाने जाऊन राहावयाचे, हे भाग्य काय थोडे झाले?

पहिल्या दोन-तीन महिन्यांतच भ्रम फिटला. जयपुरात आम्हांला ध्रुपद ऐकावयास मिळाले, कथ्थक पाहावयास मिळाले, मांडही मनसोक्त मिळाला. जयपूर गायकी तेवढी मिळेना. चौकशी करावी तर लोक उलट आम्हांलाच विचारीत, "ती तर आपल्या मुंबई-कोल्हापूरकडे आहे ना?"

म्हणणे खरेच होते. अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली जयपूर संस्थानातील उनियारा येथे झाला. घराण्याचे मूळ गाव अलीगढकडचे अत्रौली; काका जहांगीर खाँ यांची तालीम मिळाली ती जयपुरात. परंतु आश्रय दिला तो शाहू महाराजांनी, कोल्हापुरात. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच पैगंबरवासी झाले. गायकी फुलली ती गोव्याच्या, कोल्हापूरच्या, धारवाडच्या गळ्यांतून. केरी सुटली, कुर्डी सुटली, तरी ती गावे जशी आडनावांत राहिली, तसेच या गायकीनेही मूळ ठिकाणाचे नाव सांभाळले आणि संसार परमुलखात थाटला. ही गोष्ट आम्हां बदलीवाल्यांना समजावून सांगावी लागली नाही.

तरीही आम्ही शोध सोडला नाही, आणि तो अखेर फळाला आला. रेल्वेच्या कचेरीतील एका कारकुनाच्या ओळखीने रामगंज भागात राहणाऱ्या एका वृद्ध सारंगियांकडे आमचे जाणे-येणे सुरू झाले. त्यांचे नाव येथे देत नाही. ते त्यांना रुचणार नाही. आम्ही त्यांना उस्तादजी म्हणत असू. त्यांचे आजोबा संस्थानच्या गुणीजनखान्यात चाकरीला होते. गुणीजनखाना म्हणजे गवई, बीनकार, सारंगिये, नर्तक यांचे दरबारी खाते. पगारपत्रके, हजेरी, नेमणुका, सारे काही त्यात असे. १९४९ साली राजस्थान राज्य होऊन संस्थान संपले, आणि पुढे पेटीने सारंगीची जागा घेतली. उस्तादजींच्या वाट्याला शिकवण्या आल्या, अधूनमधून नभोवाणीचे कार्यक्रम आले, आणि उरलेल्या वेळात आठवणी आल्या.

दर रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. थंडीच्या दिवसांत ते पायांवर रजई घेऊन बसत. मध्ये शेगडी असे, चहाची एक फेरी झाली की गोष्टींना रंग चढे. सवाई प्रतापसिंह महाराजांची गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा आम्हीही थोडी भर घालू शकलो. ज्यांनी १७९९ साली हवामहल बांधला, त्याच प्रतापसिंहांच्या पदरी 'संगीतसार' हा ग्रंथ सिद्ध झाला. आणि तो छापून काढला पुण्याच्या गायन समाजाने, १९१० ते १९१२ या वर्षांत. हे ऐकून उस्तादजी फार प्रसन्न झाले. "म्हणजे आमची ठेव आपल्याकडेच," ते म्हणाले.

या बैठकींतून आम्ही काय शिकलो, असे कोणी विचारले तर आम्ही रागांची नावे सांगणार नाही. ती पुस्तकांतही मिळतात. एक उदाहरण देतो. मोगूबाईंची सांगलीची हकिगत मराठी रसिकांना तोंडपाठ आहे. खाँसाहेब उपचारांसाठी सांगलीत होते. जाता-येता एका घरातून मुलीच्या रियाजाचा आवाज त्यांच्या कानी पडला. ते आत येऊन बसले, ऐकू लागले, पुढे शिकवूही लागले, आणि हे गृहस्थ कोण ते मोगूबाईंना नंतर कळले. ही हकिगत आम्ही योगायोगाची म्हणून सांगत आलो होतो. उस्तादजींनी ती ऐकून घेतली आणि विचारले, "त्या मुलीने त्यांचे नाव का विचारले नाही?" आम्हांला उत्तर सुचेना. ते म्हणाले, "सूर चालू असताना नाव विचारायचे नसते, साहेब. तिला तेवढे कळत होते, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही आले."

दुसरे उदाहरण श्वासाचे. एका रविवारी आम्ही केसरबाईंचे जुने ध्वनिमुद्रण त्यांना ऐकविले. उस्तादजी डोळे मिटून ऐकत होते आणि मधून मधून उजव्या हाताची तर्जनी किंचित उचलीत होते. प्रथम वाटले, ते ताल मोजीत आहेत. पण बोट समेवर पडत नव्हते, टाळीवरही पडत नव्हते. विचारले तेव्हा म्हणाले, "बाई श्वास कोठे घेतात ते पाहतो आहे." मग त्यांनी समजावून सांगितले. गवई श्वास घेतो त्या क्षणी स्वर तुटू नये म्हणून सारंगी तो धरून ठेवते. म्हणून साथीदाराला गवयाचा श्वास आधी ओळखावा लागतो. बहुतेकांचा ओळखू येतो. या गायकीत मात्र तान आकारात, लयीच्या पोटातून, एकीत एक गुंफत जाते, आणि श्वास अशा वळणावर घेतलेला असतो की ऐकणाऱ्याला वाटावे, तो घेतलाच नाही. ते ध्वनिमुद्रण आम्ही कितीतरी वर्षे ऐकत होतो. तीन-साडेतीन मिनिटांत केसरबाई किती वेळा श्वास घेतात, हे त्या दिवशी प्रथम कानांनी पाहिले.

आणि आता आमच्या अपराधाची हकिगत. आमच्यात एकजण हिशेबतपासणी खात्यातले आहेत. पुढे जे घडले ते त्यांच्या तोंडून घडले असे म्हणता येईल. परंतु त्या वेळी आम्ही तिघांनी माना डोलावल्या होत्या, तेव्हा येथेही 'आम्ही' हाच शब्द योग्य.

त्या रविवारी उस्तादजी खाँसाहेबांचा आवाज गेल्याची गोष्ट सांगू लागले. खाँसाहेबांच्या तरुणपणी गाऊन गाऊन आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आलाच नाही, आणि मग उरलेल्या आवाजाला शोभेल अशी निराळी गायकी त्यांनी घडविली, हे आम्ही वाचले होते. पण उस्तादजींच्या आजोबांनी त्यांच्या लहानपणी त्यांना याविषयी काही वेगळे सांगितले होते. जयपुरातील मुबारक अली खाँ यांच्या फिरतीचा खाँसाहेबांच्या मनावर मोठा ठसा होता. ती फिरत त्या दुबळ्या आवाजात कशी उतरवून घेतली, तान कोठे दुमडली, कोठे वळविली, हे ते सांगणार होते. सारंगी त्यांनी मांडीवर घेतलीही होती. प्रारंभ करताना ते म्हणाले, "हा प्रसंग येथेच घडला, जयपुरात."

"नाही, उस्तादजी," आम्ही म्हणालो, "आवाज गेला तो आमलेट्याला. पुस्तकात तसे स्पष्ट आहे."

पुस्तक आमच्यापाशी होते. खाँसाहेबांनी उतारवयात नातू अजीजुद्दीन खाँ यांना सांगितलेले आत्मवृत्त २००० साली कलकत्त्याहून इंग्रजीत प्रसिद्ध झाले आहे, त्याची प्रत आम्ही पिशवीतून काढली. आमलेटा हे माळव्यातील छोटेसे संस्थान. तेथे दिवसचे दिवस गावे लागल्याने आवाज गेला, असे खुद्द खाँसाहेबांचेच सांगणे. पान काढून आम्ही उस्तादजींपुढे धरले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"असेल," ते म्हणाले. "लिहिले आहे तर तसेच असेल." सारंगी त्यांनी हळूच गवसणीत घातली. चहा आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. उरलेले पुढच्या रविवारी सांगतील, अशा समजुतीने आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी त्यांनी प्रकृती बरी नसल्याचा निरोप पाठविला, त्याच्या पुढच्याही. नंतर बैठकी सुरू झाल्या, अगत्यही पूर्वीसारखेच होते. परंतु एक सवय नवी लागली होती. कोणतेही नाव, कोणतेही गाव उच्चारण्यापूर्वी ते थांबत आणि आमच्या पिशवीकडे पाहत. हळूहळू गोष्टी आखडत गेल्या.

या प्रकाराचा आम्ही पुष्कळ विचार केला. ठिकाण चुकले होते, हे खरेच; आणि खऱ्याखोट्याची चाड नसावी असे आम्ही म्हणणार नाही. पण ती दुरुस्ती संध्याकाळी घरी आल्यावर वहीत करता आली असती. त्याहून मनाला लागले ते निराळेच. खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी नाही. ज्या पुस्तकाचे पान आम्ही पुराव्यादाखल पुढे केले, ते तरी काय होते? एका वृद्ध गवयाने नातवाला सांगितलेल्या गोष्टीच. नातू मध्ये बोलला नाही, आजोबांना सांगू दिले, म्हणून ते पुस्तक झाले. आम्ही एका आजोबांची गोष्ट दुसऱ्या आजोबांच्या गोष्टीने बंद पाडली होती.

पंडित भातखंडे व्यवसायाने वकील. साक्षीपुराव्याचे महत्त्व त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळत होते. तरी जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घरातील शेकडो चिजा त्यांनी मिळविल्या त्या शिष्य होऊन, समोर बसून. तपासणी मागाहून, आपल्या घरी, आपल्या कागदांवर. १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे तर स्वतः हिशेबतपासनीस. पण मोगूबाईंपुढे ते शिकावयास बसले. हे सारे आम्हांला माहीत होते. माहीत असूनही रविवारी दुपारी आम्ही कचेरीतच बसलो होतो.

चौघांपैकी दोघांची यंदा बदली झाली. निरोपाच्या रविवारी, पुस्तक मुद्दाम घरी ठेवून, आम्ही उस्तादजींना विचारले, "आवाज गेल्यावर गवई काय करतो, ती गोष्ट आपण सांगणार होता." ते बराच वेळ शेगडीकडे पाहत राहिले. मग आपली डावी बोटे त्यांनी शेगडीवर धरली. ती आता पुरती वळत नव्हती, हे आम्ही इतक्या रविवारांत एकदाही पाहिले नव्हते. "ती आता आठवत नाही, साहेब," ते म्हणाले. खरोखरच आठवत नव्हती की काय, ते आम्ही विचारले नाही. तेवढे शिकलो होतो.

त्यांनी सारंगी मात्र काढली आणि थोडा वेळ वाजविली, फिरत टाळून, एकेक स्वर लांबवीत. आम्ही पिशव्या बाजूला ठेवून ऐकले.

आजही केसरबाईंचे ते ध्वनिमुद्रण लागले की आमची तर्जनी आपोआप उचलली जाते. घरची मंडळी हसतात. त्या रविवारांच्या टिपणांची एक वही आमच्यापाशी आहे. तीत श्वासाच्या दिवशीची चार पाने भरलेली आहेत, सांगलीच्या हकिगतीची दोन. आवाज गेल्याच्या गोष्टीच्या पानावर 'आमलेटा' हा एकच शब्द आहे, अगदी बिनचूक लिहिलेला. त्याखाली पान कोरे आहे.