मला शुद्ध होती

माझ्या शरीरात बसवलेलं आणि उत्तम चालणारं यंत्र माझ्या गप्प बसण्यामुळे काढावं लागलं. हे लिहितोय, कारण असं यंत्र बसवलेले किंवा बसवावं की नाही या विचारात असलेले पुरुष नाशकात आणखीही असणार, आणि माझ्यासारखेच तेही घरात कुणाजवळ बोलत नसणार.

ओझरला एचएएलमध्ये मी उभी नोकरी विमानांच्या हायड्रॉलिक्सवर काढली. निवृत्तीनंतर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. २०१४ साली मुंबईत ऑपरेशन होऊन ग्रंथी पूर्ण काढली. कॅन्सर गेला, पण लघवीवरचा ताबाही गेला. लघवी रोखायला शरीरात दोन बंधनं असतात. आतलं प्रोस्टेटबरोबर निघून जातं आणि सगळा भार बाहेरच्या स्नायूवर येतो. माझा तो स्नायू पुरा पडेना. खोकलं की गळायचं, खुर्चीतून उठलं की गळायचं. संध्याकाळपर्यंत तर नुसतं चाललं तरी.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर व्यायाम करा, पुष्कळ जणांचं त्यात सुधारतं. व्यायाम शिकायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवत होते. तिथे बाई असतील म्हणून मी गेलो नाही. घरीच श्वास कोंडून, पोट आवळून करत राहिलो. त्यानं मूत्राशयावर उलट दाब येतो, हे फार उशिरा कळलं. दुसरं म्हणजे पाणी तोडलं. लघवी घट्ट झाली, जळजळ सुरू झाली, घाई आणखी वाढली, बद्धकोष्ठ झालं ते वेगळंच.

२०१५च्या सिंहस्थात घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्यांना रामकुंडावर न्यायचं काम मुलावर टाकून मी कंबरदुखीचं निमित्त सांगून आतल्या खोलीत पडून राहिलो. गोदापार्कवरचं फिरणं थांबलं. मुंबईला तपासणीला जाताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये संडासाजवळची जागा धरायची. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीत मीच टाकायचो, शेजारपाजारचं कुणी उभं नाही ना बघून. मुलाला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं आणि तिला मी शपथ घातली होती.

कृत्रिम स्फिंक्टरचं, म्हणजे लघवी रोखणाऱ्या स्नायूचं काम करणाऱ्या यंत्राचं नाव डॉक्टरांनी वर्ष उलटल्यावर काढलं. अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रँटली स्कॉट या सर्जननी १९७२ साली ते पहिल्यांदा माणसात बसवलं, आणि आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं एएमएस ८०० हे मॉडेल १९८३पासून आहे. खर्च काही लाखांचा. या वयात अंगात मशीन कशाला, म्हणत मी टाळलं. शेवटी २०१७ साली बसवून घेतलं.

ते किती साधं आहे हे पाहून मी थक्क झालो होतो. मूत्रनलिकेभोवती बांगडीसारखा एक कफ. पोटात मूत्राशयाशेजारी द्रव भरलेला छोटा फुगा. अंडकोषाच्या पिशवीत बोटाला लागेल असा पंप. फुग्याचा दाब कफ मिटलेला ठेवतो. लघवीला जायचं तेव्हा पंप दाबायचा, कफमधला द्रव फुग्यात जातो, वाट मोकळी होते. दोन-तीन मिनिटांत द्रव आपसूक परत येतो आणि कफ मिटतो. नेहमीच्या फुग्याचा दाब असतो ६१ ते ७० सेंटीमीटर पाण्याइतका, म्हणजे एका बारच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास. मी आयुष्यभर दोनशे बारच्या वरच्या लाइन तपासल्या होत्या. एवढ्याशा दाबावर माणूस पुन्हा माणसात येतो, हे मी स्वतः अनुभवलं.

बसवल्यावर जखम भरेपर्यंत साधारण सहा आठवडे यंत्र बंद ठेवतात, म्हणजे तोवर गळती चालूच. नंतर डॉक्टरांनी ते सुरू केलं. मी पुन्हा गोदापार्कला जायला लागलो. सिन्नरला भाच्याच्या लग्नात पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत उभा होतो. डॉक्टरांनी एक कार्ड दिलं होतं आणि बजावलं होतं, "कुणीही कॅथेटर घालायला आलं, तर आधी हे दाखवायचं." ते कार्ड मी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

पुढे मला न्यूमोनिया झाला आणि इथल्याच एका रुग्णालयात दाखल केलं. रक्तदाब उतरला होता, तासातासाची लघवी मोजायची होती. सिस्टर कॅथेटरचा ट्रे घेऊन आल्या. खाटेशी मुलगा होता, सूनबाई होती. बायको पुढे होऊन म्हणाली, "सिस्टर, ह्यांचं तिथे ऑपरेशन झालंय." सिस्टर म्हणाल्या, "हो आजी, प्रोस्टेटचं ना? आहे फाइलमध्ये." हिनं माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं ती नजरेनं विचारत होती. मला ताप होता, धाप होती, पण शुद्ध पूर्ण होती. एक वाक्य पुरे होतं. सूनबाई समोर उभी आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मान भिंतीकडे वळवली.

पडदा ओढला. नळी आत जाताना अडली, मग जोर लावून गेली. काही दिवस ती तशीच राहिली. कफ बाहेरून आवळलेला, नळी आतून टेकलेली, मधल्या पातळ भिंतीला रक्त मिळणार कुठून? काही आठवड्यांनी लघवीतून रक्त आलं, पंपाभोवती सूज आली. मुंबईला दुर्बिणीतून पाहिलं, तर कफ मूत्रनलिकेची भिंत झिजवून आत आलेला दिसत होता. तिन्ही भाग काढावे लागले. सिस्टरचा यात काही दोष नाही. त्यांना कळायचा एकच मार्ग होता, तो मी बंद केला होता.

गळती परत सुरू झाली. जखम भरायला कित्येक महिने गेले. दुसरं यंत्र बसवलं तेव्हा कफसाठी वेगळी जागा शोधावी लागली, कारण पहिल्या ठिकाणची भिंत आता विश्वासाची राहिली नव्हती. एकदा झीज झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो, तो मी घेऊन जगतो आहे. मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मी काय परका होतो का?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कार्ड पाकिटात असतं. फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत ठळक अक्षरांत लिहिलंय: कृत्रिम स्फिंक्टर आहे, युरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय कॅथेटर घालू नये. पंपावर एक छोटं बटण असतं. कफ रिकामा करून ते दाबलं की कफ उघडाच राहतो, आणि मग बारीक नळी, तीही कमीत कमी वेळ, घालता येते. हे मुलाला माहीत आहे, सुनेलाही माहीत आहे.

तुमच्या अंगात हे यंत्र असेल, तर आजच घरातल्या निदान दोघांना सांगा आणि कार्ड कुठे आहे ते दाखवा. यंत्र नसेल आणि ऑपरेशननंतर वर्ष उलटूनही गळती थांबली नसेल, तर युरोलॉजिस्टला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पाणी तोडू नका.