तागडी आणि तारे

नातेपुत्यात आमचे भुसार मालाचे दुकान होते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सकाळी दुकान उघडले की अण्णांचे पहिले काम तागडी तपासण्याचे असे. रिकामी पारडी समान आहेत, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात तेवढाच माल घालून ते काटा मध्यावर आणीत आणि मग दोहोंची अदलाबदल करीत. दांडीची एक बाजू किंचित जरी लांब असली, तरी अदलाबदल होताच ती उघडी पडे. पुढे एम. कॉम. होऊन मी बँकेत लागलो, कर्जाची कागदपत्रे तपासण्यात उमर गेली. पण तपासणीचा खरा धडा तोच होता, हे निवृत्तीनंतर एका लेन्सने मला पुन्हा शिकवले.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही माळवदावर झोपत असू. पहाटे जाग आली की दक्षिणेकडे आकाशगंगेचा दुधाळ पट्टा दिसे. आज गावात एलईडीचे दिवे आले आणि माझ्या डोळ्यांत वय आले. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती बातमी वाचून वाटले, तेथवर जाणे न जमले तरी आपल्या शेताच्या बांधावरून तो पट्टा निदान छायाचित्रात तरी पकडावा. मुलाने वापरून बाजूला ठेवलेला फुल फ्रेम कॅमेरा घरी होताच. उणीव होती ती वाइड अँगल लेन्सची.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा फार वेळ उघडा ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. छायाचित्रकारांचा ढोबळ हिशेब असा की, ५०० या आकड्याला लेन्सच्या मिलिमीटरांनी भागावे. येतील तेवढे सेकंद मिळतात. ५० मि.मी.च्या लेन्सला १० सेकंद, तर १४ मि.मी.च्या लेन्सला सुमारे ३५. प्रत्यक्षात तारा टिंबासारखा हवा असेल, तर २० सेकंदांच्या पुढे जाऊ नये. दुसरा आकडा छिद्राचा. एफ/४ पेक्षा एफ/२.८ ला दुप्पट प्रकाश मिळतो. १४ मि.मी.ला २.८ ने भागले की छिद्राचा व्यास येतो ५ मि.मी. साठीनंतर अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते! फरक इतकाच की डोळा क्षणभराचा प्रकाश साठवतो आणि कॅमेरा वीस सेकंदांचा. हा हिशेब मनाला पटला आणि मी हाताने फोकस करावयाची १४ मि.मी., एफ/२.८ ची लेन्स सुमारे २५,००० रुपयांना घेतली.

चूक येथेच झाली. खरेदी केली आषाढात. बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची आणि आकाश भरलेले. दिवसा समोरच्या भिंतीचे एक चित्र काढले, मध्यभाग सुरेख आला आणि मी निश्चिंत झालो. म्हणजे रिकाम्या पारड्यांकडे पाहून तागडी खरी मानली.

दिवाळीनंतर आकाश निवळले. आमच्या घरी जेवण सूर्यास्तापूर्वीच होते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. कार्तिक अमावास्येच्या रात्री शेतावर गेलो. बॅटरीला लाल कागद लावला होता. त्याने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि दिव्याभोवती किडेही कमी येतात, म्हणजे हकनाक जीव जात नाहीत. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबलो नाही. तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून फोकस साधला. मग व्याधाचा तारा चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून प्रत्येकी पाच सेकंदांचे चित्र घेतले. वेळ कमी ठेवला, कारण ताऱ्याची रेघ आणि लेन्सचा दोष यांची गल्लत होऊ नये.

घरी येऊन चित्रे मोठी करून पाहिली. तीन कोपऱ्यांत व्याध जवळजवळ टिंब होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र त्याला पंख फुटून तो पाखरासारखा दिसत होता. स्वस्त वाइड लेन्समध्ये कोपऱ्यांतील तारे थोडे पसरतातच, पण ते चारही कोपऱ्यांत सारखे. एकच कोपरा बिघडला तर आतील एखादी काच जागेवरून सरकलेली असण्याचा संभव असतो. दुसऱ्या रात्री कॅमेरा उलटा बसवून पाहिले. दोष चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला. तेव्हा दोष आकाशाचा नव्हता, लेन्सचाच होता. छिद्र एफ/४ केल्यावर पंख आखडले, पण प्रकाशही निम्मा झाला.

मुदत केव्हाच संपली होती. लेन्स विकावी असे ठरवले. अकलूजकडील एक तरुण शिक्षक पाहावयास आले. दिवसाची चित्रे पाहून खूश झाले आणि म्हणाले, “साहेब, मला पसंत आहे.” त्यांनी खिशातून पाकीट काढले. खरे सांगतो, त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर त्यांना कळले नसते. दोषाबद्दल त्यांनी विचारलेही नव्हते. पण डोळ्यांपुढे तागडी आली. म्हणालो, “सर, पैसे ठेवा. आधी हे पाहा.” आणि व्याधाची चारही चित्रे समोर ठेवली.

त्यांनी लेन्स घेतली नाही. वाईट वाटले, कारण २५,००० रुपये निवृत्तिवेतनात लहान रक्कम नव्हे. पण पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःची नवी लेन्स आणली आणि मुदतीच्या आत तपासावयास ते माझ्याकडेच आले. आकाशात ढग होते. दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा आम्ही चारही कोपऱ्यांत आणून पाहिला. चारही कोपरे सारखे निघाले. आषाढातही हे मला करता आले असते. ताऱ्याची वाट पाहण्याचे कारणच नव्हते.

माझी लेन्स माझ्याकडेच राहिली. तागडीत फरक आढळला की दुरुस्ती होईपर्यंत अण्णा हलक्या बाजूला पासंग बांधीत आणि गिऱ्हाइकाला तो दाखवून अदलाबदल करूनच माल मोजीत. मीही तसेच करतो. दोषाचा कोपरा नेहमी जमिनीच्या काळोखावर ठेवतो. तेथे तारे नसतात. माघ अमावास्येच्या पहाटे साडेचारला आग्नेयेस मूळ नक्षत्राजवळ आकाशगंगा वर आली होती. खाली चिंचेचे झाड, उजवीकडे काळी जमीन. वीस सेकंद वाट पाहिली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर माळवदावरचा तो पट्टा उमटला. नुसत्या डोळ्यांना तो त्या पहाटे अगदी पुसट दिसत होता.