फारकतीनंतरचें गाणें

भांडणाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या घरीं चहासुद्धां मौनांत होतो. म्हणूनच कार्टर कुटुंबाच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना आम्हांस नवल वाटतें. व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलुखांतला ए. पी., त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल हीं तिघें ऑगस्ट १९२७ मध्यें ब्रिस्टल गांवीं प्रथम ध्वनिमुद्रणास गेलीं. मेबेल अंगठ्यानें गिटारच्या खर्जांतल्या तारांवर चाल वाजवी, बोटांनीं वरच्या तारांवर ठेका धरी. जणूं दोन वादक! ए. पी. गाणीं वेंचीत हिंडे. त्या चाली सोबतच्या लेस्ली रिडल या कृष्णवर्णी वादकाच्या स्मरणांत राहत, नांव मात्र ए. पी.चें लागे, हें आम्हांस खुपतें. १९३६ मध्यें ए. पी. व सारा यांची फारकत झाली, तरी पुढेंहि कित्येक वर्षें तीं एकत्र गाइलीं. त्या मुद्रिकांत साराचा आवाज कोठें कांपतो का, तें आम्ही कान देऊन ऐकलें. कांपत नाहीं.