पोटखराबा

ते झाड बेहड्याचं होतं. बुंध्याला टेप गुंडाळून छातीच्या उंचीवरचा घेर मोजला, खोडावर थाप मारून पाहिली आणि यादीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पोकळ'. लाकडाच्या हिशेबात पोकळ झाड म्हणजे खालच्या प्रतीचं झाड. मार्च २०११ मध्ये सिंधुदुर्गातल्या एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणासाठी मी वृक्षगणना करत होते. वनस्पतिशास्त्र शिकलेली, सल्लागार म्हणून नवी नवी. त्या बेहड्याखाली काजऱ्याच्या चपट्या, बटणांसारख्या बियांचा सडा पडला होता. आसपास काजऱ्याचं झाड नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, मी वहीत टिपूनही ठेवलं. पण मान वर करून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी एका पक्षीनिरीक्षक मित्राबरोबर कोकणातल्याच दुसऱ्या गावात गेले होते. त्याने एका जुन्या झाडाखाली थांबवलं आणि पायाशी बोट दाखवलं. तसाच सडा. वर ढोलीच्या तोंडाला लिंपण होतं आणि त्यात एक उभी फट. धनेशाची मादी आत बसली होती. ढोलीत शिरून ती दार आतून लिंपून घेते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिलांना फळं भरवतो. बिया खाली टाकल्या जातात. धनेशाला ढोली कोरता येत नाही. जुनं झाड आतून कुजून पोकळ झालं तरच त्याला घर मिळतं. मित्र हे सांगत होता आणि मला बेहडा आठवत होता. तो तोपर्यंत तुटला होता. त्यात घरटं होतंच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मी पाहिलं असतं तर सांगू शकले असते, आणि आता ते कधीच कळणार नाही.

याहून मोठी चूक मात्र वेगळी होती. बेहडा होता त्या वळणावर रस्ता डोंगराच्या बाजूला थोडा सरकवता आला असता. अभियंत्याने मला विचारलंही होतं, "ही रांग वाचवायची का?" मी म्हणाले, "नको, पर्यायी वनीकरणात भरून निघेल." हे वाक्य मी किती सहज बोलले! निसर्गाची हानी आधी टाळायची, टळत नसेल तर कमी करायची, आणि त्यानंतरही जे उरेल त्याचीच भरपाई करायची, हा या विषयातला पहिला धडा. मला तो पाठ होता. पण भरपाईची सोय आहे हे ठाऊक असल्यामुळे मी टाळण्याच्या पायरीवर थांबलेच नाही.

भरपाईची सोय अशी. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर बदल्यात तेवढीच वनेतर जमीन वनखात्याला द्यायची आणि तिच्यावर झाडं लावायचा खर्च भरायचा. शिवाय एनपीव्ही, म्हणजे जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले त्याचे दर जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. पैसे कुठे साठवायचे, कसे खर्च करायचे, यासाठी पुढे २०१६ चा स्वतंत्र कायदाही आला. जंगलाला किंमत लागली, ती कुणाला तरी मोजावी लागली, हे काही थोडं नाही, आणि ते मिळवायला लोक वर्षानुवर्षं कोर्टात लढले. पण जमीन बदल्यात देताना हेक्टराला हेक्टर एवढाच मेळ मी पाहिला.

बदल्याची जमीन मिळाली ती पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. घाटातलं जंगल वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पिणारं, आणि इथे जेमतेम पाचशे. सातबाऱ्यावर नोंद 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य. मी ती जागा मे महिन्यात, भर दुपारी, दीड तासात पाहिली. तपकिरी माळ, मुरूम, मधूनच एखादी बोर, बाभळीचं खुरटं झाड. अहवालात लिहिलं: 'वनस्पती आच्छादन नगण्य. जमीन वनीकरणास योग्य.' माझ्या सहीवर पुढच्या सह्या झाल्या. मग जेसीबीने समतल चर खोदले गेले, तीन बाय तीन मीटरवर खड्डे, हेक्टरी १,१११ रोपं. त्यात बरीचशी गिरिपुष्प, कारण ते जगतं, वाढतं आणि शेळ्यामेंढ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत. कोकणात त्याला उंदीरमारी म्हणतात.

२०१३ मध्ये कॅगचा पर्यायी वनीकरणावरचा अहवाल आला. २००६ ते २०१२ या काळात वनखात्यांना देशभरात १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि झाडं लागली जेमतेम ७,२८१ हेक्टरवर. तो वाचून मला बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना जड जातं. आपली जमीन खरंच ताब्यात आली, आपली रोपं खरंच लागली, म्हणजे आपण त्या थोड्या प्रामाणिकांमधले, असं मी स्वतःला सांगितलं. २०१५ मध्ये जिवंत रोपांची मोजणी करायला गेले तेव्हा तर आनंदच झाला. बहुतेक रोपं तगली होती. माणसाच्या उंचीची हिरवी झाडं, ओळीत उभी.

तिथेच एक वयस्कर धनगर भेटले. कुंपणाबाहेरून मेंढरं नेत होते. मी उत्साहाने म्हटलं, "मामा, बघा, आधी इथे काहीच नव्हतं."

ते थांबले. "ताई, हितं कायबी नव्हतं असं कुनी सांगितलं तुमास्नी?"

मग सांगत गेले. मृगाचा पाऊस पडला की इथे मारवेल यायची, पवन्या यायची, दिवाळीपर्यंत कुसळी धोतराला चिकटायची. ओढ्याच्या काठात लांडगिणीची गुहा होती. लांडगा मेंढरू न्यायचा, त्याचं दुःख व्हायचं, तरी तो माळावरचाच, असं म्हणाले. थंडीत संध्याकाळी 'ससाण्यागत उडनारी घार' गवतात उतरून रात्र काढायची. वर्णनावरून तो भोवत्या असावा, मध्य आशियातून येणारा. धाविक पक्षी उघड्या मुरमावर अंडी घालायचे, खड्यांत खडे दिसणारी. हे सगळे मोकळ्या रानाचे जीव. त्यांना लांबवर दिसायला लागतं. ओळीने झाडं लावली की त्यावर कावळे, शिकरे बसतात, आणि जमिनीवरच्या अंड्यांना आसरा उरत नाही. गिरिपुष्पाच्या सावलीत गवतही विरळ होत जातं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. माळढोकासाठी नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ते असंच माळरान. पण मी मे महिन्यात गेले होते. गवत मे महिन्यात वाळलेलंच असतं. त्याची मुळं जमिनीखाली जिवंत असतात. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं.

म्हणजे घाटातलं जंगल गेलं आणि त्याच्या भरपाईत माळ गेला. दोन्ही कागदांवर सही माझी.

२०१९ मध्ये मी त्या जागेबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावं, चर बुजवावेत, गवताला जागा द्यावी. पत्राची पोच मिळाली. पुढे काही झालं नाही, आणि मी कुणाला दोषही देऊ शकत नाही. ज्या कागदावर ते सगळं उभं आहे तो माझाच आहे. आता नवं काम घेताना मी सगळ्या ऋतूंत जागा पाहण्याची अट घालते. त्यामुळे काही कामं हातची जातात. वृक्षगणनेच्या यादीत ढोलीसाठी वेगळा रकाना ठेवते, आणि प्रत्येक जुन्या झाडाखाली मान वर करून उभी राहते. तरी बेहड्यासारखं झाड आतून पोकळ व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी कुठल्याच प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाहीत, हे मी आता अहवालात स्पष्ट लिहिते.

मामांकडे मी अजून जाते. माझ्या अहवालात त्या जमिनीला फक्त गट क्रमांक होता. ते चालता चालता एकेक भाग दाखवत नावं सांगतात: टिटवीचा माळ, लांडगदरा, पिवळी खडी, मेंढवाडा. मी नकाशावर लिहून घेते. पिवळ्या खडीपाशी खडक वर आलेला आहे, तिथे जेसीबीला चर मारता आला नव्हता. तेवढ्या पट्ट्यात गेल्या श्रावणात मारवेल गुडघ्यापर्यंत आली होती.